बिनशिवणीचे मास्तर

मास्तरांचं बनियन कायम उलटं असायचं. शिवणी बाहेर, मानेपाशी लेबल फडफडतंय, आणि अशा अवतारात ते विट्याच्या बाजारातून मेथीची जुडी बगलेत मारून यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, वय झालंय, घाईत घातलं असेल. दुसऱ्या दिवशीही उलटंच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"मास्तर, बनियन उलटं घातलंय तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चूक माझीच असावी.

"उलटं तुमी घालताय, डाक्टरीणबाई. शिवण आपल्या अंगाला टोचवून घ्यायची आन् गुळगुळीत बाजू लोकास्नी दावायची. बनियन अंगासाठी असतंय का लोकांसाठी?"

मी जिना चढून वर गेले.

मी डॉक्टर नव्हते. साताऱ्याची मी, फिजिओथेरपी शिकून विट्यातल्या एका दवाखान्यात पहिलीच नोकरी धरली होती आणि मास्तरांच्या घराच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. मी डॉक्टर नाही, लोकांकडून व्यायाम करून घेते, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. "म्हंजे वाकलेली माणसं सरळ करता. मग डाक्टरच की," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, एकटी राहणार का तेही विचारलं नाही. विट्यात खोल्या शोधताना हे प्रश्न मी चार ठिकाणी ऐकून आले होते. मी दारात बूट काढले, तर हा म्हातारा खाली वाकून माझ्या पायमोज्यांकडे बघत राहिला.

"अंगठ्यावर शिवण हाय. टोचत न्हाई?"

"टोचते कधीकधी."

"मग सांगत का न्हाई कुनाला?"

पायमोज्याची तक्रार कुणाकडे करायची असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी हसले. ते हसले नाहीत. आतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "आवं, पोरीला खोली दावा आदी." खोली मिळाली. अट एकच होती. खाली शेडमध्ये यंत्र सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. ते मध्येच अचानक थांबलं तर दहा मिनिटं कुणी खाली यायचं नाही आणि मास्तरांशी बोलायचं नाही.

विटा म्हणजे मागांचं गाव. गल्लीगल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असते, इतकी, की गावातली माणसं घरातसुद्धा वरच्या पट्टीत बोलतात. माझ्या खोलीच्या डाव्या भिंतीपलीकडे आण्णांचे आठ माग होते. आण्णा मास्तरांचे बालमित्र, आणि रोजचे प्रतिस्पर्धीही. त्या सगळ्या खटखटीत मास्तरांच्या शेडमधून मात्र वेगळाच आवाज यायचा. एकसारखी, अखंड घुमघुम, मोठ्या भुंग्यासारखी. अख्खं गाव उभा-आडवा धागा विणत होतं आणि मास्तर एकटेच गोल विणत होते.

त्यांचं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ उभी राहिले. माणसाच्या उंचीचा लोखंडी सांगाडा, वरती छत्रीसारख्या पसरलेल्या आकड्यांवर सुताचे शंकूसारखे कोन, आणि मधोमध पिंपाच्या तोंडाएवढं गोल कडं. त्या कड्यात शेकडो सुया उभ्या. कडं फिरायला लागलं, की सुया एकामागून एक वर यायच्या, धागा पकडायच्या आणि खाली जायच्या, पाण्यावर लाट फिरावी तशा. प्रत्येक सुईला टोकाशी एक इवलीशी जीभ होती. ती उघडायची, धागा घ्यायची, मिटायची. आणि खालून कापड उतरायचं, तेही सपाट नाही तर नळीसारखं. दोन्ही हात आत घालून उभं राहावं अशी पांढरी, मऊ, अखंड नळी. तिला सुरुवात होती आणि शेवट होता, पण कड नव्हती.

"बाजूला शिवणच न्हाई," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिलं नातवंड दाखवतानाचा अभिमान होता. "आण्णाचं कापड हुकूम सोडतंय, मी असा हाय, तू माझ्यात बस. हे कापड आदी अंगाचं ऐकून घेतंय."

भिंतीपलीकडून आण्णा ओरडले, "तुजं कापड गुडघ्यापतूर लोंबतंय, ते सांग की तिला!"

"तुजं फाटतंय!"

"तुजं उसवतंय!"

हे रोज चालायचं. चहा मात्र दोघं एकाच कपबशीतून घ्यायचे, कप आण्णांचा, बशी मास्तरांची.

त्यांना मास्तर म्हणायचे ते शाळेमुळे नव्हे. शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. विट्याकडची, खानापूर तालुक्यातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. कुठल्याही लांबच्या शहरात सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस बघावा, तो खानापूर तालुक्यातला निघतो. मास्तरांचे वडील असेच तिरुपूरला गेले. मास्तरही मागोमाग गेले. पण भट्टीशेजारच्या गल्लीत बनियनचे कारखाने होते, आणि भट्टीचा निरोप पोचवायला म्हणून गेलेला हा मुलगा एका कारखान्याच्या खिडकीपाशी जो उभा राहिला, तो परत आलाच नाही. तिथं शिकत शिकत तो मशीनमास्तर झाला. पंचविसेक वर्षांनी मास्तर गावी परतले ते एक जुनं यंत्र ट्रकवर घालून. तमिळ त्यांना फारशी यायची नाही, पण सुया मात्र ते तमिळमध्येच मोजायचे. ओण्णु, रेंडु, मूणु. "मराठीत मोजल्या की चुकत्यात," हे त्यांचं कारण.

कापड पारखायची त्यांची रीत विचित्र होती. हातानं बघायचंच नाही. कापडाचं टोक उचलून वरच्या ओठावर, मिशीच्या खाली घासायचं. लग्नात आहेर आला, की भरमांडवात तो ओठाला लावून बघायचे. एकदा बँकेत साहेबांच्या खिडकीचा पडदा त्यांनी असाच उचलून ओठाला लावला आणि साहेबांना म्हणाले, "दिसाया ब्येस हाय."

माणसंही ते कापडासारखीच ओळखायचे. त्यांच्या लेखी माणसं तीन जातींची. पहिली सिंगल, म्हणजे साध्या बनियनच्या कापडाची. "पुढनं गुळगुळीत, मागनं येगळीच वीण. आन् जरा कापलं की कडंला गुंडाळतंय." दुसरी रिब, म्हणजे बनियनच्या गळ्याला असते तशा उभ्या पट्ट्यांची. कितीही ताणा, परत जागेवर येणारी. तिसरी इंटरलॉक. दोन्हीकडून सारखी, जाडसर, भरवशाची, "पन अशी मान्सं कमी." आण्णांच्या नात्यातल्या एका मुलीला स्थळ आलं, तेव्हा मास्तर मध्यस्थाला सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगा सिंगल दिसतुया." मध्यस्थ म्हणाला, "सिंगलच हाय की! म्हणून तर लगीन करायचं!" मास्तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. आम्ही हसून हसून दमलो. मी कुठल्या जातीत बसते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

यंत्र अचानक थांबायचं ते सुईमुळे. एखाद्या सुईची जीभ वाकली, की कड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक बारीक टिक व्हायचं. शेजारी आठ माग खटखटत असताना ते टिक मास्तरांना अंगणातून ऐकू यायचं. ते धावत जाऊन बटण दाबायचे, मग डोळे मिटून हातानं कडं सावकाश फिरवायचे आणि शेकडो सुयांमधून ती एक काढायचे. तेवढा वेळ बोलायचं नाही. ती सुई तशीच राहिली, तर कापडात वरपासून खालपर्यंत एक विरळ रेघ पडते. रेघ पडलेलं कापड ते दुसऱ्या दर्जाचं म्हणूनसुद्धा विकायचे नाहीत. कराडचा एक व्यापारी म्हणाला, "मास्तर, आतल्या बाजूला जाईल, कोण बघतंय?" मास्तर म्हणाले, "ज्यानं घातलंय त्याच्या अंगाला कळतंय." तो व्यापारी पुढे त्यांच्यावर वैतागायचा, पण कापड त्यांच्याकडूनच न्यायचा.

मी त्या घरात येऊन वर्ष झालं असेल. दवाखान्यात मंगलताई यायला लागल्या. वय पस्तिशीचं, विट्याजवळच्याच गावच्या. नवरा वारलेला, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि गावात स्वतःची पिठाची गिरणी. कराड रस्त्यावर मोटारसायकलवरून पडल्या आणि मागून आलेल्या टेम्पोखाली डावा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. सांगलीच्या एका शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला होता. पाय चांगला होता, मापाचाही होता. पण त्या तो घालत नव्हत्या.

कृत्रिम पाय नुसता चढवत नाहीत. उरलेल्या पायावर आधी एक मोजा घालतात, पिशवीसारखा, खाली बंद, आणि मग पाय त्यात बसतो. सगळं वजन त्या मोज्यावरून जातं. मंगलताईंना मिळालेल्या मोज्यांना खाली शिवण होती. त्यांची कातडी अपघातात आधीच पातळ झालेली. तासभर उभं राहिलं, की शिवणीच्या रेषेत कातडी फुटायची. मग दोन-तीन आठवडे पाय बाजूला, जखम भरायची, पुन्हा घालायचा, पुन्हा फुटायची. मी दुसरे मोजे मागवून पाहिले, कापूस ठेवून पाहिला, शिवण वर फिरवून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

"दीर म्हनत्यात गिरणी मला चालवाया द्या, तुमी बसा घरात," मंगलताई एकदा व्यायाम करताकरता म्हणाल्या. "दिवाळीपतूर बघते. न्हाई जमलं तर देते. गिरणीत काय बसून चालतंय? दळण वतायचं तर हुबंच ऱ्हावं लागतंय."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. त्या संध्याकाळी घरी आले तर मास्तर अंगणात बसले होते. मी पायरीवर टेकले आणि सहज सगळं सांगितलं. माझं बोलणं अर्ध्यावर आलं असेल, ते उठून उभे राहिले.

"शिवण? जखमंवर शिवण? कुन्या शान्यानं घातली?"

"मास्तर, मोजा बंद करायचा तर शिवण येणारच ना."

"त्यो मोजा हिकडं आणा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोठं यंत्र चालूच केलं नाही. मोठ्या कड्यावर छातीएवढी नळी निघते, पायाएवढी निघत नाही. त्यासाठी लहान कडं हवं, जुन्या काळी हातानं फिरवून पायमोजे विणायचे तसलं. मास्तरांनी कुणाकुणाला फोन केले. सांगलीत एका घरी असलं यंत्र होतं असं कळलं. मोजे विणणारे गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली होती, यंत्र माळ्यावर पडलं होतं. आण्णांनी स्वतःचा टेम्पो ड्रायव्हरसकट काढला. "भंगार आणाया चाललोय मी ह्याच्यासंगं," असं गल्लीत सगळ्यांना सांगून गेले आणि परत येताना ते यंत्र पोत्यात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते, गचके बसू नयेत म्हणून.

लोट्याएवढं कडं, टेबलाला आवळायचा स्क्रू, एक दांडा. निम्म्या सुया गंजलेल्या, काही नव्हत्याच. नव्या सुया तिरुपूरच्या एका जुन्या सोबत्यानं पाठवल्या. मास्तरांनी मला विचारलं, "बाईंचा पाय बघाया मिळंल का?"

मी मंगलताईंना विचारलं. त्या एकदम आक्रसल्या. "नगं ताई. परक्या मान्सापुढं कसा काढू पाय? तुमी माप घ्या." मास्तरांना तसं सांगितलं, तर त्यांनी मान डोलवली. "बराबर हाय त्यांचं. तुमी माप द्या. पन दोऱ्यानं घ्या, टेपनं नको. दोऱ्याला कळतंय." मग मी दोऱ्यानं माप घेतलं, दोन-दोन बोटांवर, वरपासून खालपर्यंत, आणि गाठी मारलेले ते दोरे त्यांना नेऊन दिले.

वरून खाली निमुळतं होत जाणारं विणणं त्यांना जमलं. दर दोन-चार फेऱ्यांनी ते वीण किंचित घट्ट करत गेले, की नळी आपोआप बारीक होत जायची. अडलं ते शेवटी. पिशवीचं तोंड बंद कसं करायचं? पहिल्या मोज्यात त्यांनी सगळे टाके एका धाग्यात ओवून ओढले, तर टोकाला चिंचोक्याएवढी गाठ आली. मंगलताईंनी अर्धा तास घातला, लाल वळ उठला. मग त्यांनी कडं पूर्ण न फिरवता अर्धंच मागे-पुढे, मागे-पुढे फिरवून खाली वाटीसारखा खोलगट भाग विणला. तो सुरेख आला. वजन पडतं तिथं नुसती मऊ वीण, गाठ नाही. पण ती वाटी समोरच्या बाजूला जोडायची तर टाचणं आलंच. टाचलं, की पुन्हा रेघ.

आता त्या रेघेची परीक्षा मास्तर स्वतःवर घ्यायला लागले. मोजा कोपरावर चढवायचा, कोपर पितळी पेल्यात घालायचं आणि त्यावर अंगाचा भार टाकून बसायचं. जेवतानाही कोपर पेल्यात. आण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, "ह्याला आता सांगलीलाच न्यावं लागतंय, पन डोक्याच्या दवाखान्यात." मास्तरांनी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी मोजा काढून ते कोपर मला दाखवायचे. रेघ उठलेली असायची.

त्याच दिवसांत मी काकूंना विचारलं, "एवढं काय आहे हो त्यांना शिवणीचं?" काकू मेथी निवडत होत्या. मास्तरांनी मला आजवर या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती आणि तिन्ही खोटी होती.

"मामंजींच्या अंगावर अ‍ॅसिड सांडलं हुतं," काकू म्हणाल्या. "सोनं गाळाया लागतंय त्ये. छाती, पाठ, समदी भाजली. हे तवा पंधरा-सोळा वर्साचं. वडलास्नी बनियन हेच घालायचं. जखम भरत आली तरी शिवण लागली की मामंजी वरडायचं. मग ह्यांनी उलटं घालाया सुरू केलं. मामंजी बरं झालं, पुढं लय वर्सं जगलं. पन ह्यांच्या डोक्यातनं ते गेलं न्हाई. मामंजींच्या जोडीनं हेबी उलटंच घालाया लागलं, त्यास्नी एकट्याला लाज वाटू नये म्हनून."

काकूंनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. मी उरलेली जुडी पुढ्यात ओढून निवडायला घेतली.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली. कराडच्या व्यापाऱ्याचे फोन येऊन येऊन थांबले. मोठं यंत्र धूळ खात होतं. एका दुपारी मी जेवायला घरी आले तर मास्तर शेडच्या उंबऱ्यात बसले होते, समोर सात-आठ मोजे पडलेले. चेहरा उतरलेला.

"न्हाई व्हायचं, डाक्टरीणबाई. सांगा त्यास्नी. सुरुवात न्हाई आन् शेवट न्हाई असं काय नसतंय. कुठंतरी जोडावंच लागतंय."

मागून काकू आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ती वाटी टाचू नका. तसंच काढा मशिनीवरनं. टाकं मोकळं ठेवा."

"मोकळं ठिवलं की उसवतंय."

"मी उसवू देत न्हाई. काढा तुमी."

मास्तरांनी नाइलाजानं काढलं. दोन्हीकडचे टाके उघडे, माळेतल्या मण्यांसारखे ओळीनं. काकूंनी ते दोन काड्यांवर घेतले, बोथट सुईत तेच सूत ओवलं आणि खिडकीशी उजेडात बसल्या. वरच्या काडीवरचा एक टाका, खालच्या काडीवरचा एक टाका. धागा टाक्यातून घालायचा आणि मूळ विणीची जशी वळणं असतात तसाच फिरवायचा, ना ओढायचा ना ढिला सोडायचा. त्या टाचत नव्हत्याच. यंत्रानं विणायची राहून गेलेली एक ओळ त्या हातानं विणत होत्या. त्याला पाऊण तास लागला. मास्तर बायकोच्या बोटांकडे एकटक बघत होते.

"कुठं शिकलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तिरुपूरला. शेजारची अम्मा बाळाच्या टोप्या विनायची. तुमी कारखान्यात असायचा दिसभर."

"बोलली न्हाईस कदी."

"तुमी कवा इचारलंय?"

काकूंनी धागा आत मुरवला आणि मोजा त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला. मग वरच्या ओठाला लावला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. डोळे मिटून परत लावला. मग मोजा खाली ठेवला आणि आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चहा होता. काकूंनी एक घोट घेतला, साखरेऐवजी काय पडलंय ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तरी त्यांनी तो सगळा प्यायला. पन्नासेक वर्षांच्या संसारात नवऱ्यानं केलेला तो पहिला चहा होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मंगलताईंनी तो मोजा पहिल्या दिवशी तासभर घातला. दुसऱ्या दिवशी दोन तास. चौथ्या दिवशी सकाळी नऊला पाय चढवला तो एक वाजेपर्यंत. मास्तर दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभे होते, आत यायला तयार नव्हते. मी पाय सोडवला, मोजा उतरवला, कातडीवरून बोट फिरवलं. मंगलताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पायाकडे बघायचा त्यांना धीर नव्हता.

"ताई?"

"काही नाही. एक ओरखडासुद्धा नाही."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी बाहेर आले. मास्तरांनी दुरूनच विचारलं, "रेघ?"

"नाही."

"लाल?"

"नाही, मास्तर."

त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. मी घरी पोचायच्या आत शेडमधून घुमघुम ऐकू येत होती. कराडच्या व्यापाऱ्याचं कापड त्यांनी आठवड्यात पुरं केलं.

दिवाळीच्या आधी मंगलताईंनी गिरणीचा पट्टा स्वतःच्या हातानं चढवला. मास्तर डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन एसटीनं त्यांच्या गावी गेले. विट्यात त्यांच्या गल्लीतच दोन गिरण्या होत्या. मंगलताईंनी त्यांचं दळण ओतलं, पीठ चिमटीत धरून बघितलं, चाकी जरा आवळली. "मास्तर, सकाळधरनं हुबी हाय," एवढंच म्हणाल्या. मास्तर गरम पिठाचा डबा घेऊन परत आले आणि तीन दिवस आम्हा सगळ्यांना त्याच पिठाच्या भाकऱ्या खाव्या लागल्या. तक्रार करायची सोय नव्हती.

मग एकाचं बघून दुसरा, तसे लोक येऊ लागले. कराडहून, इस्लामपूरहून, सांगलीहून. कुणाचा पाय उसाच्या गाडीखाली गेलेला, कुणाचा साखरेच्या आजारात काढलेला. सगळ्यांनाच उपयोग झाला असं नाही. इस्लामपूरच्या एका निवृत्त फौजींना आमचा मोजा शेवटपर्यंत मानवला नाही. मास्तर तीन वेळा त्यांच्या घरी जाऊन आले आणि चौथ्यांदा गेले ते नुसतेच गप्पा मारायला. पण बहुतेकांना मानवला. काकूंनी गल्लीतल्या दोन बायकांना टाका शिकवला. एका बाजूला मास्तर दांडा फिरवतायत, दुसऱ्या बाजूला तीन बायका काड्यांवर टाके जुळवतायत, आणि काकू नवऱ्याला सांगतायत, "वीण ढिली आली, परत काढा." मास्तर निमूटपणे परत काढायचे. आण्णा भिंतीपलीकडून म्हणायचे, "आता बसलास व्हय सरळ?"

पुढे माझं लग्न झालं, मी साताऱ्याला परत आले. मास्तरांचा फोन अधूनमधून येतो. ख्यालीखुशाली न विचारता ते थेट सुरू करतात, "मोज्याच्या सुतात जरा लोकर मिसळून बघितली." सध्या त्यांच्या डोक्यात भाजलेल्या माणसांसाठी अंगभर मऊ नळी विणायचं चाललंय. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलंय. काकू म्हणतात, "वय झालं म्हनून कुनी ह्यास्नी सांगायला गेलं, तर सांगणाऱ्याचंच कापड ओठाला लावून बघत्यात."

यंदा आण्णांच्या नातीच्या लग्नाला मी विट्याला गेले होते. पंगतीत मास्तरांच्या शेजारी पान मिळालं. मंगलताई वाढत होत्या. हिरवं लुगडं, कमरेला पदर खोचलेला, एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात पळी. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची झपझप फेरी चालली होती. थोरली मुलगी आता कराडला इंजिनिअरिंगला आहे, हे त्यांनी मला जाता जाता सांगितलं आणि थांबल्याही नाहीत.

मास्तर घास हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे झुकले.

"डाक्टरीणबाई, पाय कुठला हो त्यांचा?"

मी चकित झाले. मग लक्षात आलं, मास्तरांनी तो पाय कधी पाहिलाच नव्हता. आणि त्या मोज्याला डावं-उजवं नसतं. मी उत्तर देणार तोच मंगलताई बादली घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय बघताय, मास्तर?"

"पाय कुठला ते इचारत हुतो."

"तुमीच सांगा की."

आणि त्या पुढे निघाल्या. मास्तरांनी घास पानात ठेवला. त्या पार टोकापर्यंत गेल्या, वळल्या, आमटी वाढत वाढत परत आल्या. मास्तर डोळे बारीक करून बघत होते, वाकलेल्या सुईसाठी कडं फिरवताना बघायचे तसे. त्यांच्या शेजारचे दोघंतिघं पण बघायला लागले.

"उजवा," मास्तर ठामपणे म्हणाले.

मंगलताई पळी बादलीत टाकून हसायला लागल्या. इतक्या, की आमटी हिंदकळून मास्तरांच्या पानाशी सांडली.

"चुकलं, मास्तर! डावा हाय!"

मास्तरांनी एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"चुकलो न्हवं? लय ब्येस झालं," ते म्हणाले, आणि रिकामी वाटी पुढे केली. "वाढ आता."